हातची जागा

‘चहा’ हा दोन अक्षरी शब्द म्हणायला कुमुदताई खांबेट्यांना अकरा सेकंद लागत. ‘च’ म्हणून त्या थांबत, आणि ‘हा’ येईपर्यंत त्यांच्या नवऱ्याचा, त्र्यंबकरावांचा, जीव टांगणीला लागे. मेंदूच्या आजाराने आठवणी विरू लागल्या की त्या वेळीच स्मृतिगृहाच्या संगणकात हलवायच्या आणि माणसाने घरबसल्या तिथूनच बिनतारी आठवायचं, ही सोय आता गावोगावी झाली होती. सोय कसली, रांगच होती ती.

“दोष काकूंचा नाही, काका,” स्मृतिगृहाची अभियंता मृण्मयी ओगले म्हणाली. “प्रत्येक विचाराला थोडी जागा लागते. ती घेतली की एकाच फळ्यावर नोंद करायची. रुग्ण चार हजार, फळा एक, खडू एक. जागा भरपूर आहे. खोळंबा आहे तो नोंदीचा.”

“मग?”

“प्रत्येकाला थोडी जागा आधीच देऊन ठेवते. हातची जागा. ती संपेपर्यंत फळ्याकडे फिरकायलाच नको.”

“हिला जरा जास्त द्या हो,” त्र्यंबकरावांनी गळ घातली. पंगतीत आपल्या माणसाच्या पानात एक जिलबी जास्त पडावी, तसंच ते. मृण्मयीला त्यांची भीड मोडवेना. चार हजार नातेवाइकांपैकी कोणाचीच मोडवली नाही.

कुमुदताई घडाघडा बोलू लागल्या. चहात साखर कमी म्हणून भांडल्यासुद्धा. त्र्यंबकराव आनंदाने रडले.

नवव्या दिवशी ट्रंक आवरताना तळाशी कुमुदताईंना एक फोटो सापडला. “अहो, ही कोणाची हो मुलगी? गोड आहे.”

त्र्यंबकरावांनी फोटो हातात घेतला. ती चित्रा होती. दोघांची एकुलती एक मुलगी, सातव्या वर्षी गेलेली.

तासाभरात ते दोघं स्मृतिगृहात पोचले. कुमुदताईंना बाहेर बाकावर बसवून त्र्यंबकराव आत गेले. मृण्मयीने नोंदी उघडल्या आणि तळापर्यंत वाचल्या.

“फळा भरला, काका. हातची जागा दिली की फळ्यावर ती वापरलेली म्हणूनच चढते. आणि फळा भरला की यंत्र, इथे हलवल्यापासून एकदाही न काढलेली आठवण आधी पुसतं.”

“म्हणजे जागा खरंच नव्हती?”

“होती.” तिने नोंदींचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “सगळ्यांच्या हातात नुसती पडून होती. काकूंच्या हातात तर सगळ्यांत जास्त.”

 कुमुदला त्रास नको म्हणून घरात चित्राचा विषय काढायचा नाही, हा दंडक त्र्यंबकरावांचाच. फोटोही त्यांनीच तळाशी लपवला होता.

बाहेरून कुमुदताईंची हाक आली, एका दमात, कुठेही न अडखळता.

“अहो, सांगा ना, कोणाची आहे ती?”