इथलं इथंच

काम तसं साधंच होतं. बाबांच्या झोपडीतलं सामान आवरायचं, फाटकाची किल्ली संस्थेच्या साहेबांच्या हातात ठेवायची आणि अंधार पडायच्या आत घरी परतायचं.

टेकडीमागची ती जमीन बाबांनी मृत्युपत्रात रानं राखणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकली होती. तिथं नांगर लागू नये, घर उठू नये, जे उगवेल ते उगवू द्यावं, आणि आतलं काही बाहेर नेऊ नये, एवढंच त्यांचं मागणं. थोरलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. धाकटा मात्र आठवडाभर कुरकुरत होता. त्याला घरात सगळे ढब्बू म्हणत. अंगाने अगदी काडीपैलवान, म्हणूनच.

"लोकांचे बाप पोरांना घर ठेवून जातात," गाडीतून उतरताना तो म्हणाला. "आपल्या बापाने मुंग्यांना ठेवलं."

"मुंग्या तुझ्यापेक्षा जास्त काम करतात," थोरली म्हणाली.

जमिनीच्या बाबतीत बाबा हसू यावं इतके काटेकोर. निघताना फाटकाशी पोरांचे खिसे उलटे करून बघायचे, मोज्यांना चिकटलेली कुसळं एकेक वेचून आत टाकायचे. "इथलं इथंच," म्हणायचे. ढब्बूचा जन्म त्याच झोपडीतला. आईला दवाखान्यापर्यंत न्यायला वेळच मिळाला नव्हता. थोरली दवाखान्यातली. निघताना बाबा फक्त ढब्बूचा हात धरायचे, फाटक ओलांडेपर्यंत अगदी घट्ट. तो मोठा झाला तरी ती सवय सुटली नाही, आणि त्यांच्याशिवाय तो कधी तिथं गेलाही नाही. थोरलीला याचा हेवा वाटायचा. शेंडेफळाचे लाड व्हायचेच, असं ती स्वतःला समजवायची.

सामान असं फारसं नव्हतंच. एक स्टोव्ह, दोन पातेली, एक कंदील. झोपडीत कुजलेल्या पाल्याचा ओलसर, गोडसर वास भरून राहिला होता. दुपार ढळत होती. ऊन होतं, वारा होता, पण पानांची सळसळ काही ऐकू येत नव्हती. साहेब बाहेर घड्याळ बघत उभे होते.

दोघं निघाली. पुढे थोरली, मागे ढब्बूच्या चपलांची फटफट. फाटक ओलांडल्यावर ती फटफट थांबली. तिने वळून पाहिलं. ढब्बू पार तिकडे झोपडीच्या दारात, पातेली घेऊन उभा होता.

"अरे, तिथे काय करतोयस? चल की!"

"ताई, मी... मी आत्ता तुझ्या मागेच होतो ना?"

तो हसतच पुन्हा आला. फाटकातून पाय बाहेर टाकला आणि पुन्हा झोपडीच्या दारात. तिसऱ्या खेपेला त्याचं हसू मावळलं होतं.

थोरली आत गेली. बाबा धरायचे तसाच तिने त्याचा हात धरला. तळवा गरम होता, घामाने ओला. "डोळे मीट," ती म्हणाली, "आणि अजिबात सोडू नकोस." फाटक ओलांडेपर्यंत त्याची बोटं तिच्या बोटांत होती, याची तिला आजही खात्री आहे. बाहेर येऊन तिने मूठ उघडली. मुठीत वाळलेला पाला होता, अजून कोमट.

साहेब पांढरेफटक पडले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. माणूस घाबरला की नियमाला धरतो तसं ते म्हणाले, "ताई... तो पाला आत टाका. अट आहे."

आणि तिने टाकला! त्या पाल्याचं काय करायचं असतं, हे तिला कोण सांगणार होतं? आतून ढब्बू ओरडला, "ताई, सोडलास का हात?"

त्यानंतर तिने काय काय केलं नाही? पोलिसांकडे गेली, ते म्हणाले, वारसांचं भांडण दिसतंय, कोर्टात जा. वकील म्हणाला, मृत्युपत्र पक्कं आहे. साहेबांनी बदली मागून घेतली. तिच्या नवऱ्याने ढब्बूच्या कमरेचा दोर गाडीला बांधून ओढून पाहिला. दोर आला, गाठही आली, गाठीत एक मुळी. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावायचं?

मग ती नुसती डबा घेऊन जाऊ लागली. पहिल्यांदा तो रडायचा, बाबांना शिव्या द्यायचा. नंतर चपला घालेनासा झाला. मग डबा तसाच परत येऊ लागला. बोललेलं त्याच्यापर्यंत उशिरा पोचायचं, आणि खांद्यावर बसलेलं पाखरू तो हलला तरी उडायचं नाही. शेवटच्या खेपेला ती निघाली तेव्हा त्याने वाकून तिच्या स्वेटरला चिकटलेली कुसळं एकेक वेचली आणि आत टाकली. तिच्या तोंडाकडे पाहिलंदेखील नाही.

"ढब्बू, मी कोण?" तिने विचारलं.

तो मान वाकडी करून ऐकत राहिला, पण तिचं नाही. जमिनीतलं काहीतरी.

गाडीत बसून ती धाय मोकलून रडली. सख्खा भाऊ डोळ्यांसमोर होता आणि तिला त्याला घरी नेता येत नव्हतं.

पुढच्या महिन्यात संस्थेतून फोन आला. बाई नवीन होत्या, आनंदाने त्यांचा आवाज फुलला होता.

"ताई, अभिनंदन! तुमच्या बाबांच्या देणगीचं सार्थक झालं बघा. आम्ही पहिली पाहणी केली. ओढ्याकाठच्या चिखलात असे ठसे मिळालेत ना, आमच्या तज्ज्ञांनाही ओळखता येईनात. माणसासारखेच, पण बोटं फाकलेली, लांब. आता तिथं कुणालाच आत सोडायचं नाही असं ठरलंय. अगदी घरच्यांनाही नाही. रागावू नका हं."

थोरली भिंतीला टेकली. "तो... एकटाच आहे ना?"

"एकटा कसला! शेजारी छोटे ठसेही आहेत. पिल्लू असावं."

थोरलीने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"गंमत सांगू? मोठं कधी कुंपण ओलांडत नाही. पिल्लू मात्र ओलांडतं. त्याचे ठसे थेट फाटकाबाहेर, डांबरी रस्त्यापर्यंत आलेत. शहराच्या दिशेने."

"आणि... परत गेलेले?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"नाही हो ताई," बाई म्हणाल्या. "परतीचे काही सापडले नाहीत."