बळदाजवळचा खांब

हसायचं नाय, पहिलंच सांगतो. मी लई जणांना छळलंय. मास्तरांच्या सायकलची हवा सोडलीय, आत्याच्या तपकिरीत मिरपूड घातलीय, सातवीत शाळेनं हाकललं ते काय उगं नाय. पण ही एक खोडी... कंदील जरा इकडं सरकव, सांगतो.

पोलीस ॲक्शन होऊन आठ वर्षं झाली होती. आमचे दादा, म्हंजे वडील, कडूबा सुतार, देवगाव रंगारीला कामावर निघाले अन् मुकुंदवाडीतून मला मानगुटीला धरून संगं नेलं. आप्पासाहेब देशमुखांनी जुनं घर सागवानासाठी विकलं होतं. ते उतरवायचं, पण आधी लाकडा-लाकडावर खूण करायची, म्हंजे दुसरीकडं तसंच उभं करता येतं.

घर नुसतं लाकूडच. निजामाच्याही आधीचं, बादशाच्या वक्ताचं, असं दादा म्हणायचे. एक लोखंडी खिळा नाय. सगळं खाचेत खाच अन् वर लाकडी खुंटी.

"माती सगळी खरवडली तरी उभं ऱ्हाईल, सांडू," दादा मला म्हणले. "भिंती म्हंजे नुसतं पांघरूण."

भर दुपारी आत मिट्ट अंधार. छताच्या सवण्यातून, धूर जायच्या भोकातून, भाकरीएवढा उजेड पडायचा, तेवढाच. वास जुन्या ज्वारीचा.

दादा वर माळवदावर, मी खाली खडू घेऊन. तेवढ्यात भिंतीपलीकडं वाजलं. टक... टक... टक. संगं चांदीच्या कड्याची किणकिण. डोकावलं तर आप्पासाहेबांची भावजय, द्वारकाकाकू. बळदाजवळच्या खांबाला कान लावून उभी. बळद म्हंजे जाड भिंतीत धान्य साठवायची पोकळी, तोंड वरून. खांब त्याच भिंतीत अर्धा पुरलेला.

माझी बोटं शिवशिवली. माझ्या बाजूनं मी वाजवलं. टकटक.

पलीकडं कड्याची किणकिण थांबली. मग...

"वैजू?"

हसू फुटू नये म्हणून मी सदऱ्याची बाही तोंडात कोंबली.

"वैजू, गेले ते. ये बाहेर..." आवाज असा की बाही तोंडातून गळाली. "भूक लागली असंल ना रे... तुझी चड्डी शिवून ठेवलीय. काका बी रागावणार नाय..."

मला पळता येईना. ती थांबली की मी वाजवायचो. टकटक. थांबलो असतो तर ती रडली असती, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी दादांनी काकूला खांबाचं भीतभीतच विचारलं. त्या खांबाला हात लावायचा नाय म्हणून काकू महिनाभर आप्पासाहेबांशी भांडत होती.

"न्या, कडूबा," ती म्हणली. "तिथं कुणी नाय."

मग मला बोलवून हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले अन् मनगट धरलं.

"काल तूच होतास ना?"

"...व्हय."

"कळलं मला. वैजू एकदा वाजवायचा. मग थांबून दोनदा. आमचं ठरलं होतं."

रझाकार गावात शिरले तेव्हा तिनं आपल्या बारा वर्षांच्या पोराला, वैजूला, बळदात उतरवलं, वर दगडी चिरा सरकवला. त्याला बजावलं, मी तीन ठोकले तर ते गेले असं समज, तू उत्तर दे. तिला दिरानं, आप्पासाहेबांनी, ओढत शेतात नेलं. चौथ्या दिवशी परतली तर चिरा जागच्या जागी होता. आत पोरगं नव्हतं.

"आठ वर्षं रोज ठोकते, बाळा. तो आत असता तर तुला लबाड म्हणून आतनं लाथ घातली असती त्यानं." मग हळूच म्हणली, "खोटं का असंना... वाजलं तरी."

गूळ-शेंगदाणे मी तसेच खिशात कोंबले.

खांब गिऱ्हाइकानं घेतला नाय, ठोकल्यावर पोकळ वाजतो म्हणून. दादांनी तो आमच्याच दारात लावला. महिन्यानं. शेवटची खुंटी बसवताना हातोड्याचे तीन ठोके घातले.

आतून आलं. टक. ...टकटक.

"वाळवी," दादा म्हणले.

मी तसाच पळालो. अनवाणी. मोटार गाठली, देवगाव गाठलं. घराच्या जागी नुसते दगड, अन् बाजूला पत्र्याखाली आप्पासाहेब बसलेले.

"द्वारकाकाकू कुठंय? तिला सांगायचंय, वैजूनं..."

"वहिनी?" त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. "परवाच तेरावं झालं, पोरा."

दादांनी नंतर खांबाला गिरमिटानं भोक पाडून बघितलं. आत पोकळी नव्हतीच. भरीव साग, वाळवीचा ठिपका नाय.

वैजूचं उत्तर त्या दिवशी एकदाच आलं. मी किती ठोकलं, किती हाका मारल्या, पुन्हा नाय. पण आता दुपारी घर निजलं की दाराबाहेरून तीन ठोके येतात. कड्याची किणकिण असते. दार उघडलं की कुणी नसतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो, हे बघ, असे. तरी खांबातून उत्तर येतं.

टकटक.

नुसतं दोन. माझं.

बाहेर जरा वेळ शांत होतं. अन् ती पुन्हा ठोकते.