नाव घे, मग घास

शालूनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो खोटं बोलत होता.

शहागंजच्या मागच्या गल्लीतलं ते शुश्रूषा केंद्र. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं इथं महिनोन्महिने राहायची. शालू नवी नर्स. पहिल्याच दिवशी चुकून भलत्या खोलीत शिरली. पिशोर गावच्या दगडाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. उभा जन्म मेंढरं राखलेले हात मांडीवर थरथरत होते.

"घरची समदी जेवली का रं?"

"जेवली आजी. ढेकर नाय ऐकू आला?" म्हणत खाटेशेजारी बसलेल्या ब्रदरनं चमचा पुढं केला. दगडाबाईंनी तोंड उघडलं.

बाहेर आल्यावर शालू म्हणाली, "ब्रदर, आपण तर दोन वाजता जेवतो. अजून कुठं जेवलोय?"

"सिस्टर, त्या ह्या जागेला घर समजतात. घरचं कुणी उपाशी असलं की घास घेत नाहीत. म्हणतात, देव बघतो."

"मग तो तुमच्याकडं पण बघत असेल."

"बघू दे की," तो हसला. "तुम्ही पण बघताच आहात."

तिनं नजर वळवली… जरा उशिरानंच.

त्याचं नाव अजिनाथ. पण इथं सगळेच एकमेकांना सिस्टर, ब्रदर म्हणायचे, आणि अजिनाथला ते हल्ली खुपायचं. "ड्युटी संपल्यावर तरी नाव घ्या माझं," तो जिन्यात म्हणायचा.

"नाव घ्यायला कारण लागतं, ब्रदर." ती ओढणी सावरत झपझप उतरायची. गल्लीतल्या अत्तराच्या दुकानाचा वास मग घरापर्यंत तिच्यासोबत जायचा…

एका दुपारी चमचा शालूच्या हाती होता. दगडाबाईंनी तोच प्रश्न विचारला. त्या भरवशाच्या डोळ्यांपुढं तिला खोटं बोलवेना.

"नाय आजी. आम्ही मागून जेवतो."

"रोजच?"

"…रोजच."

दगडाबाई भिंतीकडं वळल्या. दोन दिवस त्यांनी पाण्याखेरीज काही घेतलं नाही.

"काय मिळवलंत खरं बोलून?" अजिनाथ पहिल्यांदाच कठोर बोलला. "आता नाकातून नळी घालतील. इथं आल्या तेव्हाच म्हणाल्या होत्या त्या, जनावरागत वेसण घालू नका मला."

शालूनं ओठ दाबले. खरं सांगितल्याचा तिला पस्तावा नव्हता. पण त्या खऱ्यापाशी म्हातारीला एकटं सोडून आल्याचा होता. ती तडक केंद्राच्या डॉक्टर सुरेखा मॅडमकडं गेली.

"आम्हाला त्यांच्या खोलीत जेवू द्या, मॅडम."

"स्टाफ पेशंटपाशी जेवत नाही, शालू."

"त्यांना नळी नकोय. त्यांनी सांगितलंय ते. एकदा बघू द्या."

मॅडमनी दगडाबाईंची फाईल उघडून पाहिली. "संध्याकाळपर्यंत बघ. मग मला त्यांच्या मुलाला बोलवून नळीचं ठरवावं लागेल."

दुपारी दोघांनी खाटेशेजारी डबे उघडले. भाकरी, मेथीची भाजी. वासानं दगडाबाईंनी मान वळवली. शालूनं पहिला घास मोडला, त्यांच्या समोर खाल्ला. अजिनाथनंही.

म्हातारीनं दोघांना न्याहाळलं. "जोडीनं आलाय व्हय? नवी नवरी दिसतीस. नाव घे, मग घास."

"लग्न नाय झालं आमचं, आजी."

"मनात तर हाय ना?"

अजिनाथ मान खाली घालून पुटपुटला, "घ्या कुणाचंही… आजी जेवतील."

"कुणाचंही कसं घेऊ?"

तिनं डोक्यावर ओढणी घेतली. मग सावकाश म्हणाली—

"पिशोरच्या माळावर मेंढरांची वाट,
अजिनाथचं नाव घेते… आजीपुढं ताट."

दगडाबाईंनी तोंड उघडलं. दुधात कुस्करलेली भाकरी हळूहळू गळ्याखाली उतरली. शालूला समोरचं सगळं धूसर दिसू लागलं.

"आता तू रं."

रोज सराईतपणे थापा मारणारा तो… हातातला तुकडा ताटलीत ठेवून तिच्याकडं वळला.

"शालू," तो म्हणाला. पुढं काही सुचेना.

"हे कसलं नाव घेणं?" दगडाबाई कुरकुरल्या. "जुळलं नाय की काय बी."

"जुळलं, आजी," शालू म्हणाली, आणि तिनं पुढचा घास कालवला.