नऊ वाजून दहा मिनिटांची नोंद

खरं मानायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी हे उम राफतच्या तोंडून ऐकलंय, आणि वीस वर्षांच्या शेजारात ती कधी खोटं बोललेली मला आठवत नाही.

अम्मान. लुवैबदेच्या चढावरचं एक खासगी इस्पितळ. मार्चमधला गुरुवार, दुपारचे दोन.

तळघरात रायद एकटाच होता. समोर ईमेल तपासणारं यंत्र. संशयास्पद पत्रं ते अडवून ठेवायचं, माणसाने पाहून सोडायची, आणि कोणी काय केलं त्याची नोंद यंत्राने ठेवायची. आमच्या काळी आवकजावकची वही असे, शाईने लिहिलेली. खोडलं तरी दिसायचं. इथे पडद्यावरची एक खूण काढून टाकली की नोंद होतच नाही.

ती खूण रायदनेच काढली होती.

डिस्क भरल्याच्या इशाऱ्यांना कंटाळून त्याने 'फक्त गंभीर चुका लिही' असं करून ठेवलं. दुसऱ्या सर्व्हरवर जाणारी प्रतही बंद केली. कोणाला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात एका पेशंटचा रिपोर्ट त्या यंत्रात अडकला. डॉक्टर म्हणाले, आम्हाला मिळालाच नाही. पेशंट गेला.

चौकशीत अबू साहेर शपथेवर सांगत राहिला, की नऊ वाजून दहा मिनिटांनी ते पत्र मी माझ्या हाताने सोडलं. रायदला हे काम शिकवणारा म्हातारा तो, बारा महिने गळ्यात मफलर. नोंद दाखव, चौकशीवाले म्हणाले.

नोंद नव्हती.

रायद शेजारीच बसला होता. गप्प.

अबू साहेरला काढलं. माणूस मारल्याचा डाग घेऊन तो दोन महिन्यांत गेला. रायदने त्याच्या घरी जाऊन शोकाची कडू कॉफी प्यायली.

आता नोंदी तपासायला तपासनीस येणार होते. म्हणून रायदने सगळं पुन्हा सुरू केलं. सगळ्या नोंदी लिही. प्रत दुसऱ्या सर्व्हरला पाठव. पत्ता टाकला, चाचणी केली.

पडदा कोरा होता...

एक ओळ आली. चाचणीची.

मग आणखी एक...

'अबू साहेर. पत्र सोडले. ९:१०.'

तारीख ऑक्टोबरची.

जी नोंद कधी झालीच नव्हती. आणि अबू साहेरचं खातं तर त्याला काढल्यावर रायदने स्वतः बंद केलं होतं.

दारात पावलं वाजली. उम राफत होती, हातात रिकामा ट्रे. इस्पितळाची कॉफी तीच करायची.

"तुझ्या पाहुण्याला काय हवंय ते विचार की रे. कप घेतला नि तसाच समोर ठेवलाय."

"कोण पाहुणा?"

"मफलरवाले. माझ्या मोतीबिंदूला चेहरा कुठे दिसतो?"

कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती...

समोर कप. काठोकाठ. वाफ निघत होती.

मागणं घेऊन आलेला माणूस आमच्याकडे कॉफी पीत नाही. कप पुढ्यात ठेवतो, यजमान हो म्हणेपर्यंत.

"काय मागत असतील ते असो, हो म्हणून टाक," ती म्हणाली. "कॉफी निवतेय."

मागणं रायदला कळलं होतं. ती ओळ छापून वर नेली की अबू साहेरचं नाव धुऊन निघणार. मग इतके दिवस नोंद कोणी बंद ठेवली, हेही विचारलं जाणार.

त्याने ओळ पुसली. दोन्हीकडची.

कॉफी बेसिनमध्ये ओतली.

तपासनिसांनी शेरा दिला, नोंदी उत्तम. अबू साहेरच्या बायकोशी गल्लीत अजून कोणी बोलत नाही.

जूनमध्ये रायदसाठी मुलगी मागायला घरची मोठी माणसं गेली. कॉफी ओतायला मुलीकडच्यांनी बोलावलेली उम राफत. रीतीप्रमाणे थोरल्या काकांनी कप पुढ्यात ठेवला, मागोमाग सगळ्यांनी. मुलीचे वडील हसून म्हणाले, "दिली मुलगी. प्या आता."

सगळ्यांनी कप उचलले.

एक राहिला...

रिकाम्या खुर्चीसमोर. काठोकाठ, वाफाळता.

"हा कोणाचा?" वडिलांनी विचारलं. "कोणाचं मागणं राहिलंय?"

रायद मान खाली घालून बसला. तेव्हाही गप्प.

जाताना त्याने उम राफतला सगळं सांगितलं. तिलाच. वर सांगायची त्याची छाती आजही झालेली नाही.

ती म्हणते, मी माणसं मोजून कप भरले होते. तो कप मी भरला नव्हता.

हल्ली ती माझ्याकडे आली की कॉफी हातात पडताच पिऊन टाकते. मीही कप समोर ठेवून बोलत बसत नाही.