विल्माची काठी

दार ठोकून पळायचा खेळ काही आम्ही शोधून काढलेला नाही. पण आमच्या पार्कात तो माझ्याइतका आणि टकरइतका चांगला कुणी खेळत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

या पार्कात सगळेच चाकावरच्या घरात, म्हणजे ट्रेलरमध्ये राहतात. बाप लोक गॅसच्या पाइपलाइनवर वेल्डिंग करतात. लाइन पुढं सरकली की ट्रेलर पिकअपला जोडायचा आणि घरानंही पुढं सरकायचं. शाळा आईच्या मोबाईलवर, म्हणजे जवळजवळ नाहीच. या वर्षीचा हिवाळा वायोमिंगात काढतोय. आमचा ट्रेलर गारांनी चेपलेला आहे, म्हणून बाबांना स्वस्तात मिळाला. मी झोपतो तिथं बाहेरून पत्र्याला एवढे पोचे आहेत की टकर म्हणतो, तुझ्या घराला देवी आल्या होत्या.

तर ठोकायचा खेळ हिवाळ्यात जास्त रंगतो. दिवसा हाका मारून कुणी दार उघडत नाही. पण रात्री पत्र्यावर थाप पडली की माणूस असेल तसा बाहेर येतो. कारण इथं थापेचा अर्थ ठरलेला आहे. तुमची पाण्याची नळी फुटलीय, नाहीतर गॅस संपलाय, नाहीतर काहीतरी पेटलंय, बाहेर या. मग चड्डीवर जाकीट चढवलेला गडी टॉर्च घेऊन स्वतःच्याच घराला प्रदक्षिणा घालतो, आणि आम्ही ट्रेलरखाली वारा शिरू नये म्हणून रचलेल्या गवताच्या भाऱ्यांमागं तोंडात हातमोजा कोंबून बसतो.

परवा अंधार पडल्यावर आईनं मला कपडे आणायला धाडलं. पार्कात कपडे धुवायची एक खोली आहे, मशिनी तिथंच. टकर सोबत आला, कारण ती खोली उबदार असते. आत ऑरिन आजोबा बसले होते. पार्कातली नळांची, तारांची सगळी कामं तेच करतात. आम्ही आत गेलो तसं त्यांनी उठून दार लावलं.

"काल त्या बाळंतिणीच्या ट्रेलरवर कोण ठोकत होतं?"

"वारा असेल," टकर म्हणाला.

"असेल. पळताना खिदळत होता बिचारा."

मी ड्रायरच्या काचेतून आमचे मोजे गरागरा फिरताना बघत बसलो.

"बसा खाली," ते म्हणाले. "कपडे वाळायला वेळ आहे. एक गोष्ट सांगतो. माझ्या दोस्ताची, कर्टिसची. याच पार्कातली, याच ओळीतली. खोटी वाटली तर ओले कपडे उचला आणि चालू लागा."

ओले कपडे नेले तर आईनं मलाच वाळत घातलं असतं. म्हणून बसलो.

कर्टिस टेक्सासचा. हात वेल्डिंगला सोन्यासारखा, तोंड कारल्यासारखं. बायको मार्लीस, आणि हॅटी नावाची लहान पोरगी. थंडी म्हणजे काय, ते त्याला फ्रीज उघडल्यावर कळायचं तेवढंच. पहिल्याच बर्फात ट्रेलरमधला, हीटरचा विषारी वायू साठला की वाजणारा भोंगा रात्रभर किक्-किक् करायला लागला. थंडीत सेल उतरला की तो तसा करतोच. नवा सेल घालायचा सोडून कर्टिसनं होता तोही काढला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

"आमच्या बाबांनी पण काढलाय," टकर म्हणाला.

"उद्या घालायला सांग. सांगू नकोस, तूच घाल."

कर्टिसच्या शेजारी विल्मा नावाची म्हातारी राहायची. तिचा नवरा ट्रेलरमध्येच झोपेत गेला होता. हीटरच्या धुराड्याचं तोंड बर्फानं बुजलं, सगळा विषारी वायू आत फिरला. बाहेरून कुणाच्या लक्षात आलं नाही, कुणी दार ठोकलं नाही. तेव्हापासून विल्मा रोज रात्री काठी घेऊन ओळीतून फिरायची.

"हीटर चालू असला की बाजूच्या धुराड्यातनं वाफ येते, बघितलीय ना? रात्री ओळीच्या टोकाला उभं राहा. सगळे ट्रेलर झोपलेल्या गुरांसारखे वाफ सोडताना दिसतात. विल्मा म्हणायची, मी श्वास बघत जाते. पण म्हातारीला दिसायचं कमी. म्हणून ती काठीनं पत्र्यावर ठोकायची आणि थांबायची. आतून कुणीतरी ओरडायचं, जिवंत आहे गं. मग ती पुढं जायची. मीही ओरडायचो. अंथरुणातूनच."

"तुम्हाला राग नाही यायचा?" मी विचारलं.

"यायचा की. पण ओरडायचो."

हॅटीला मात्र मजा वाटायची. तिचा बिछाना अगदी भिंतीला लागून होता. काठी वाजली की घरात सगळ्यात आधी तीच किंचाळायची, जिवंत आहे. कर्टिसला ते सहन होईना. त्यानं एका रात्री दार उघडलं आणि म्हणाला, "बाई, पहाटे उठून मला कामावर जायचंय. पुन्हा ठोकलंस तर ती काठी मोडून शेकोटीत घालीन."

विल्मा म्हणाली, "बरं. नाही ठोकणार."

आणि त्या दिवसापासून ती सगळ्या ओळीला ठोकायची, कर्टिसचा ट्रेलर सोडून. हॅटी बिछान्यात वाट बघत राहायची.

"मग?"

"मग विल्माच्या छातीत कफ भरला. अँब्युलन्स आली. काठी हातातून सोडेना, म्हणून काठीसकट नेली तिला गावातल्या हॉस्पिटलात. तो दिवस शनिवारचा. सोळा जानेवारी दोन हजार दहा. तुम्ही दोघं तेव्हा जन्मलाही नव्हता. पार्क किती शांत होता, विचारू नका."

त्या संध्याकाळी कर्टिसचा गॅस जेवतानाच संपला. तो टाकी बदलायला बाहेर गेला. काम सोपं. जुनी काढायची, नवी लावायची, आवळायची. पण उत्तरेचा वारा सुटला होता आणि ट्रेलरच्या खालून शिट्ट्या वाजत होत्या. कर्टिसला वाटलं, आलोच आहे तर जरा आडोसा करू. त्यानं फावडं घेतलं आणि वाऱ्याच्या बाजूनं बर्फ लोटून भिंतीला थापला. शहाणी माणसं नुसत्या चाकांपुरता थापतात. यानं छातीपर्यंत थापला. धुराडं कुठल्या बाजूला आहे, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या बर्फातून जे काही उघडं राहिलं होतं, ते वाऱ्यानं रात्रीतून बुजवलं.

आत आल्यावर मार्लीस म्हणाली, "आता कशी ऊब वाटतेय बघ."

झोपायच्या आधी हॅटी कुरकुरली, डोकं दुखतंय. मार्लीसनं तिला औषध दिलं. मग मार्लीसचंही दुखायला लागलं. कर्टिस म्हणाला, सर्दी आलीय घरात. दिवे मालवले.

ऑरिन आजोबा इथं थांबले. ड्रायर फिरत होता. आमच्या जीन्सचं बटण आत टकटक वाजत होतं. टकरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "बटण आहे रे."

"मध्यरात्र उलटली होती," आजोबा म्हणाले. "कर्टिसला जाग आली ती आवाजानं. टक. टक. दाराशेजारी."

तो पडून राहिला. त्याला वाटलं, पोरं आहेत. टारगट पोरं तेव्हाही होती पार्कात.

टक. टक.

आता ओट्याच्या बाजूला. मग मागच्या भिंतीवर. सावकाश. ठोकायचं... आणि थांबायचं. ठोकायचं... आणि थांबायचं.

कर्टिस ओरडला, "घरी जा रे, कार्ट्यांनो." पण ते ओरडणं त्याच्याच कानाला लांबून आल्यासारखं वाटलं. जीभ जड. डोकं जड.

टक. टक.

हॅटीच्या बिछान्यापाशी.

आणि अंधारात हॅटी झोपेतच बोलली. "जिवंत आहे गं..."

कर्टिसच्या अंगावर काटा आला. ठोकणं थांबलं. त्याला बरं वाटलं. डोळे मिटायला लागले.

टक. टक.

तिथंच. हॅटीपाशीच.

हॅटी काही बोलली नाही.

टक. टक.

थांबणं.

काही नाही.

टक. टक. टक. टक.

आता थांबणं नव्हतं. पत्रा हादरत होता. फळीवरचा कप खाली पडला. कर्टिसनं हाक मारली. हॅटी... मार्लीसला हलवलं. मार्लीस हलली नाही. झोपेत माणूस जेवढा हलतो तेवढीही नाही.

त्याला राग आला. भीती वाटायला हवी होती, पण आला राग. या पोरांना आज फावड्यानंच हाणतो. तो उठला. पाय त्याचे नव्हते. भिंत धरत, सरपटत तो दारापर्यंत गेला. कडी काढली आणि बाहेर तोंडावर पडला.

गार हवा. नुसती गार हवा.

त्यानं मान वर केली.

कुणी नाही.

दारासमोर कोरा बर्फ. ट्रेलरच्या कडेनं कोरा बर्फ. ससा गेल्याचीसुद्धा खूण नाही.

ठोकणं थांबलं होतं.

मग त्यानं ओळीकडं बघितलं. सगळे ट्रेलर वाफ सोडत होते. ऑरिन आजोबांचा. त्याच्या पलीकडचा. पार टोकापर्यंत सगळे. विल्माचा अंधारात रिकामा उभा होता. तो सोडत नव्हता.

आणि कर्टिसचा सोडत नव्हता.

"तेव्हा त्याला कळलं," ऑरिन आजोबा म्हणाले.

मग टकरनं विचारलं, "हॅटी?"

"आधी तिला ओढली त्यानं. मग मार्लीसला. आणि मग माझं दार असं बडवलं की मी चड्डीवरच बाहेर आलो. पोरीचे ओठ जांभळे. रस्ता वादळानं बंद, अँब्युलन्स येणार कुठून? मी तिला उचलून याच खोलीत आणली. तू बसलायस ना, तिथं ठेवली."

टकर सरकून बसला.

"मार्लीस जरा वेळानं ओकली, रडली, शुद्धीवर आली. पोरगी काही हलेना. कर्टिस तिच्या तोंडात फुंकत होता. फुंकायचा आणि थांबायचा. फुंकायचा आणि थांबायचा. मला तर वाटलं, गेली. मग खोकली ती. डोळे उघडले, आणि बापाला पहिली गोष्ट काय म्हणाली असेल?"

"काय?"

"म्हणाली, मी किती वेळ ओरडतेय, विल्माला ऐकूच येत नाहीये."

मी उबेसाठी म्हणून ड्रायरला पाठ लावून बसलो.

रस्ता उघडल्यावर कर्टिस विल्माला भेटायला निघाला होता. माफी मागायची म्हणत होता. निघायच्या आधी विल्माचा मुलगाच तिचा ट्रेलर न्यायला आला. म्हातारी शनिवारी दिवस मावळतानाच गेली होती. हॉस्पिटलात. काठी मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर आडवी होती.

"पोरंच असतील हो ती," टकर म्हणाला. आवाज जरा चिरका होता. "खुणा वाऱ्यानं बुजल्या असतील."

"मीही तेच म्हणायचो. एप्रिलपर्यंत." आजोबांनी चष्मा काढून पुसला. "एप्रिलमध्ये तो थापलेला बर्फ वितळला. दगडासारखा झाला होता, छातीएवढा. तोवर त्याला कुणी हात लावला नव्हता, फक्त धुराड्यापुरता कोरला होता. बर्फ उतरला आणि मागचा पत्रा दिसला. पोचे. काठीच्या टोकाएवढे गोल. बाहेरून आत. बर्फाच्या मागं. आणि सगळ्यात दाट कुठं, माहितीय? हॅटीच्या बिछान्यापाशी."

ड्रायर थांबला. मी उठलो नाही.

"कर्टिसनं उन्हाळ्यात ट्रेलर विकून टाकला," ते म्हणाले. "घेणाऱ्याला भुताचं कोण सांगणार? गारा पडल्या म्हणून सांगितलं. मग तो हातोहात फिरत कुठं गेला, देव जाणे." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ. "तुमच्या बाबांनी तुमचा कुणाकडून घेतला रे?"

"माहीत नाही," मी म्हणलं. आणि मला खरंच माहीत नव्हतं.

कपडे न घडी घालताच टोपलीत भरले. टकर त्याच्या दारापर्यंत एकेका धुराड्याकडं बघत चालला. आत जाताना एवढंच म्हणाला, "मी सेल घालतो आधी."

मी आमच्या ट्रेलरशी आलो. धुराड्यातून वाफ येत होती. ती मी नीट बघितली, वाफेत हात धरून बघितला. मग मागच्या बाजूला गेलो आणि माझ्या बिछान्यापाशी टॉर्च मारला. सगळे पोचे कमरेच्या खाली. एकाच्या शेजारी एक. बोट घातलं तर बरोब्बर बसतं.

आतून बाबा ओरडले, "कोण आहे रे बाहेर?"

रोजच्यासारखं मी पळून जाऊ शकलो असतो. मी म्हणलं, "मीच आहे. जिवंत आहे."

"मग आत ये की, गाढवा. आणि ते कपडे सांडू नकोस."

आत जाऊन मी विचारलं, "बाबा, त्या गारा कधी पडल्या होत्या?"

"घेतला तेव्हापासून पोचे तसेच आहेत. का?"

"काही नाही."

बर्फ पडला की आमचं छत साफ करायचं काम माझं असतं. शिडी लावून मीच वर चढतो, फावड्यानं सगळं छत खरवडून काढतो. त्याचा इंच न् इंच मला पाठ आहे.

छतावर एकही पोचा नाही.