तीन हिसके

"गाडी जरा मागे घेता का? आमची बस अडलीय."

गाडीतल्या माणसाने खिडकीतून मान बाहेर काढून रस्ता न्याहाळला. बस कुठेच नव्हती. त्याच्या गाडीने अडवलेल्या पदपथावर ओळीने उभी अकरा मुलं, त्यांच्या हातात एक लांब निळी दोरी आणि दोरीच्या पुढच्या टोकाला मी — चित्रकलेच्या बाई, नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन.

"ही बस?" तो हसला. "इंधन काय घालता हो?"

"डबा. घरून भरून येतो. तुमच्यासारखा धूर सोडत नाही."

मागच्या सीटवरची मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "मामा, बाईंनी तुला गप्प केलं!" मग दोरीकडे बोट दाखवून, "मलापण ती गाठ हवी."

आमच्या दोरीवर प्रत्येकाची एक गाठ होती. आपली गाठ धरायची आणि शाळेपर्यंत चालत जायचं. बारावी गाठ रिकामीच होती. दुसऱ्या दिवशी तो भाचीला घेऊन चक्क पायी आला... धापा टाकत, शर्टाचं एक बटण चुकवून. कोपऱ्यावरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याचं. जगाची घड्याळं लावणाऱ्या या माणसाला स्वतःची वेळ काही साधत नव्हती.

त्याच आठवड्यात ओळीच्या शेवटी चालणाऱ्या पोस्टमनकाकांचा गुडघा आखडला. मागे मोठं माणूस नसेल तर दोरी निघायची नाही, असा शाळेचा दंडक.

"काका बरे होईपर्यंत मी येतो की," तो म्हणाला.

मी त्याला नियम शिकवले. एक हिसका म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. तीन म्हणजे कुणीतरी मागे राहिलंय — मग सगळी दोरी जागच्या जागी उभी आणि मी धावत शेवटी.

पहिल्याच दिवशी तीन हिसके बसले. मी जीव मुठीत धरून पळाले.

"शिंका आल्या हो," तो ओशाळून म्हणाला. "लागोपाठ तीन."

"पुन्हा विनाकारण ओढलीत, तर काका परतायच्या आधी मीच तुम्हाला घरी पाठवीन!"

"शिंकायचं असेल तर अर्ज करू?"

मी वळले ती हसू लपवायला. ते पहिल्या गाठीवरच्या मुलाने पाहिलं आणि हां हां म्हणता बाराव्या गाठीपर्यंत पोचवलं.

पोरं त्याला सरसकट मामा म्हणू लागली. मला मात्र काय हाक मारावी कळेना. मामा तर मुळीच म्हणायचं नव्हतं! म्हणून मी 'घड्याळवाले' म्हणायचे, आणि तो उगाच खूष व्हायचा. एका भुरभुर पावसाच्या सकाळी मागे वळून पाहिलं, तर छत्री सगळीच्या सगळी सर्वांत छोट्या मुलीवर आणि त्याचा खांदा निथळतोय. त्याने पाहिलं... मी पाहिलं... आणि खांबावर आदळता आदळता वाचले.

"बाई, बस पुढे बघून चालवतात," मागून आवाज आला.

खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून काकांचा गुडघा जरा सावकाश बरा व्हावा असं मला वाटू लागलं. स्वतःची लाज वाटायची, तरी वाटायचंच.

पण गुडघा बरा झाला. "सोमवारपासून येतो गं पोरी," काका म्हणाले. मी "वा!" म्हटलं आणि घरी येऊन रंगांची डबी उगाच तीनदा घासली.

शनिवार, त्याचा शेवटचा दिवस. शाळेचं फाटक दिसू लागलं आणि दोरीला हिसका बसला. एक... दोन... तीन.

मी पळत शेवटी गेले, मोजत मोजत. बारा. पुन्हा मोजली. बाराच.

"कोण राहिलंय मागे?"

"मी," तो म्हणाला. दोरी त्याने मुठीत घट्ट धरली होती. "सोमवारपासून... मला ही सकाळ नसेल. तुम्ही नसाल. मला ते सोसायचं नाही, बाई. तुम्ही मला आवडता."

"आणि बाई, मामा हल्ली पहाटेच उठून शर्टाला इस्त्री करतो," भाचीने पुरवणी जोडली. "आधी आठपर्यंत घोरायचा."

बारा तोंडं माझ्याकडे वळली. माझे कान तापले होते.

"नियम मोडलात," मी म्हटलं. "शिक्षा होणार. सोमवारी काका मागे चालतील. तुम्ही पुढे यायचं, माझ्याशेजारी. रोज."

"किती दिवस?"

"ते... मी मोजणार नाहीये."

मी पुढे आले. दोरी हातात घेतली आणि दोनदा ओढली — चला. मग बारा गाठींपलीकडून, हलकेच, दोन हिसके आले.