जहाजावर बाटल्या पकडणारा

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे तिथे दारूबद्दल कोणी स्वतःसाठी विचारत नाही. विचारायचं असतं ते कुठल्यातरी मित्राला. एप्रिलच्या त्या दुपारी प्रभाकररावांच्या मित्रालाही असंच काहीतरी विचारायचं होतं.

"मी नाई हो," नुकतेच रिटायर झालेले प्रभाकरराव टेबलावर वाकून म्हणाले, "पण आपल्या ग्रुपमधल्या एकाले... जहाजावर आपली बाटली नेता येते का?"

बसस्टँडसमोरच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात माधवी बुकिंग पाहायची. प्रभाकररावांच्या ग्रुपची क्रूझची सहल तिनेच ठरवली होती. जहाज तिने फक्त फोटोत पाहिलं होतं, पण तिचं बोलणं त्यावाचून अडत नसे.

"येते की काका. सुटकेसमधी खाली ठेवा, कपड्यात गुंडाळून."

"सापडते," मागून कोणीतरी म्हणालं.

कुलरसमोरच्या बाकावर एक सावळा, शांत तरुण मुंबईच्या तिकिटासाठी थांबला होता. कुलरचे तुषार त्याच्या केसांवर बसले होते आणि त्याला त्याची फिकीर दिसत नव्हती.

"तुमाले काय माहीत?" माधवीने विचारलं.

"मीच पकडतो ना."

त्याचं नाव अश्वजित. गाव आर्वीकडचं रोहणा, नोकरी मात्र एका क्रूझ जहाजावर, प्रवाशांच्या बॅगा तपासायची. सुटी संपली की तो पुन्हा आठ महिने पाण्यावर जाणार होता. त्याने नियम सांगितला. त्याच्या जहाजावर प्रत्येक सज्ञान प्रवाशाला वाईनची एक बाटली नेता येते, तीही हातात, पहिल्याच दिवशी, सरळ दाखवून. बाकी व्हिस्की, बिअर जे काही सापडेल त्यावर नावाची चिठ्ठी लागते आणि ते कुलपात जातं. सहल संपली की परत मिळतं.

"अन् खोबरेल तेलाच्या बाटलीत भरली तर?" प्रभाकररावांनी मित्राच्या वतीने शेवटचा प्रयत्न केला.

"बाटली हलवली का समजते काका. तेल आरामात हलते. दारूले घाई असते."

प्रभाकरराव मित्राला काय ते सांगायला निघून गेले. माधवीला हसू आलं. तिने ते कॉम्प्युटरमागे लपवलं, पण अश्वजितला लपवलेल्या वस्तू शोधायचाच पगार मिळत होता.

"नंबर देऊन ठेवा," ती तिकीट देताना म्हणाली. "गिऱ्हाइकं विचारतात."

"गिऱ्हाइकांसाठी?"

"मंग कोणासाठी?"

"नाई... मी सहज विचारलं."

त्यानंतर वर्ध्यातल्या गिऱ्हाइकांना अचानक फार शंका येऊ लागल्या. खोकल्याचं औषध चालतं का, असा मेसेज गेला. 'खोकला पाहून ठरवू,' असं उत्तर आलं. लोणच्याची बरणी? 'चालते. पण मले चाखून पाहा लागन.' मग एक दिवस ती खरंच लोणचं घेऊन रसवंतीत आली, आणि दोघांनी ते उसाच्या रसासोबत खाल्लं. हे खाणं वाईट लागतं. दोघांपैकी कोणी तसं म्हटलं नाही.

"जहाजावर सगळ्यांसोबत असाच बोलतं का तू?" तिने विचारलं. 'तुम्ही' कधी सुटलं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"तठी मी फक्त 'बॅग उघडा' म्हणतो."

"अन् अठी?"

"अठी..." त्याने तिच्या ग्लासाकडे पाहिलं. तिचा बर्फ विरघळला होता. त्याने आपल्या ग्लासातला तुकडा चमच्याने उचलून तिच्या ग्लासात टाकला आणि भलत्याच विषयावर बोलू लागला.

घरी, सेलूला जाणाऱ्या बसमध्ये माधवीला कळलं, आपण याच्या प्रेमात पडलो आहोत. फार आनंद झाला. मग सेलू आलं आणि तिला आई आठवली.

आई म्हणजे सुलोचनाबाई, सेलूच्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष. नाल्याकाठी दारू गाळायला आंबत ठेवलेल्या मोहाच्या सडव्याचे डबे त्या पदर खोचून उलथे करत, पोलीस नंतर येत. नवऱ्या मुलाच्या अंगाला वास आला म्हणून त्यांनी पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आणि अश्वजितच्या जहाजावर तर मजल्यामजल्यावर बार होते.

तेव्हा माधवीने आईला एवढंच सांगितलं, "आई, एक पोट्टा हाये. जहाजावर दारू पकडते."

हे खोटं नव्हतं. फक्त अर्धंच होतं.

सुलोचनाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "समुद्रात बी पकडतेत?" त्या म्हणाल्या. दारू पकडणारा माणूस दारूच्या विरोधातलाच असणार, याबद्दल सेलूत कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. दोन दिवसांत मंडळात ठराव झाला. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अश्वजितचा सत्कार करायचा, शाल आणि फूल देऊन.

"तू फक्त फूल घे अन् खाली बस," माधवीने रसवंतीत त्याला बजावलं. "बोलू नको."

"बाटल्या वापस देतो, ते?"

"कोणी विचारणार नाई."

"अन् बारचं?"

"अश्वजित, आईले समजलं तर सगळं संपलं. तू सोमवारी चालला. आल्यावर सांगू ना... लग्न झाल्यावर."

"लग्न झाल्यावर तर अजून कठीण जाईन," तो म्हणाला. तिला राग आला. त्या दिवशी तिने बर्फही घेतला नाही.

रविवारी विहार भरला होता. सुलोचनाबाईंनी माइक घेऊन समुद्रावरच्या दारूबंदीबद्दल बरंच सांगितलं, ते सगळं त्यांच्या स्वतःच्या मनचं होतं. मग शाल उघडली. अश्वजित पुढे आला, "जय भीम," म्हणाला, पण मान वाकवली नाही.

"काकू, एक सांगतो. मी बाटल्या पकडतो, पण शेवटल्या दिवशी वापस देतो."

"वापस? काऊन?"

"नियम तसा हाये. लोकांनी घरची आणली तर जहाजावरची कोण घेईन? तठी बार हायेत. माझा पगार त्याच्यातूनच निघते."

मागे बसलेल्या माधवीने डोळे मिटून घेतले.

"तू पेतं का?" सुलोचनाबाईंनी माइक खाली ठेवून विचारलं.

"नाई."

"मंग हे सांगाले कोणं म्हटलं होतं तुले? गुपचाप राह्यला असता तर शाल भेटली असती."

"शाल नव्हती पायजे, काकू." तो म्हणाला. "मले... माधवी पायजे. अन् तुमाले अंधारात ठेवून नाई पायजे."

बायकांच्या माना एकदम मागे वळल्या. माधवीला जमिनीत जावंसं वाटलं. पण जमीन काही करत नाही असं दिसल्यावर ती उठली, सगळ्यांच्या मधून चालत पुढे गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"अर्धं मीच सांगतलं होतं, आई," ती म्हणाली. "त्याचं काई चुकलं नाई. मले बी तो पायजे."

सुलोचनाबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग शालीची घडी घातली आणि ती परत पिशवीत ठेवली.

"वापस देणाऱ्याले आमचं मंडळ शाल देत नाई," त्या अश्वजितला म्हणाल्या. "पोरीचं पाहू. चाल घरी, जेवून घे पयले."